थेंबवालीचा बेत

जाहिरातीतल्या थंडगार बाटलीवरचे थेंब पाहून तुमच्या तोंडाला कधी पाणी सुटलं असेल, तर ते थेंब या बाईनेच लावलेले असतील, कोण जाणे. स्टुडिओत तिला नावाने कोणी हाक मारत नाही, थेंबवाली म्हणतात. साधं पाणी दिव्यांच्या उष्णतेने बघता बघता सुकतं, म्हणून ती पाण्यात ग्लिसरीन मिसळते आणि बारीक सिरिंजने काचेवर एकेक थेंब बसवते. तो थेंब मग दुपारपर्यंत जागचा हलत नाही. हात इतका स्थिर की जणू तोही श्वास आवरून धरतो, आणि जीभ अशी की मोठमोठे फोटोग्राफर चार हात लांब राहतात.

त्या रविवारी मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आज ती लेकीला कामावर नेणार होती. दोनदा तिने ग्लिसरीनची बाटली पिशवीत घातली आणि दोनदा बाहेर काढून पाहिली.

झालं होतं असं. पंधरा वर्षांच्या लेकीच्या कंपासपेटीत एक गुलाबी व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडलं होतं. थेंबवालीने घर डोक्यावर घेतलं. लेक शांतपणे म्हणाली, "माझं नाहीये, मैत्रिणीचं आहे. आणि एवढं काय त्यात? स्ट्रॉबेरीची वाफ असते नुसती. व्हिडिओत सगळेच ओढतात." मग आईने फुप्फुसं, निकोटिन आणि वाया गेलेली पोरं यांवर जे भाषण ठोकलं, ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी. लेकीने कानात इयरफोन घातले.

"तू तासभर बोललीस," बस चालवणारा नवरा जेवताना म्हणाला, "आणि ती बोलली दोन वाक्यं. त्यातलं एक खोटं."

खोटं आहे हे आईलाही कळलं होतं. दम देऊन खरं वदवून घेणं तिला काही जड नव्हतं. पण असं ओरबाडून काढलेलं खरं तिला नको होतं. लेकीने आपणहून येऊन सांगावं, एवढंच तिला हवं होतं, आणि त्यासाठी आठवडाभर ती तळमळत होती. शेवटी तिने बेत केला. रविवारी बिअरच्या जाहिरातीचं काम होतं. लेकीला तिथेच न्यायचं, सगळी बनवाबनवी उघडी करून दाखवायची, काट्याने काटा काढायचा.

"अगं, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देतेस की काय!" नवऱ्याने कपाळावर हात मारला.

स्टुडिओत पाऊल टाकलं आणि लेकीचे डोळे विस्फारले. माणसाएवढे दिवे, मध्ये पार्टीचं टेबल, भोवती हसणारी चार देखणी माणसं. आई एकेक करून दाखवू लागली. "बर्फ बघ, प्लास्टिकचा. फेस आहे ना, तो भांड्यांच्या साबणाचा. आणि ग्लासात बिअर नाही, कोरा चहा आहे. तो हिरोसारखा हसतोय ना? सकाळपासून त्याची दाढ दुखतेय." हिरोने गाल धरून मान डोलावली. लेक खो खो हसली.

इथवर बेत छान चालला होता. पण थेंबवाली पडली हाडाची कारागीर. लेकीने "मी लावू एक?" विचारलं आणि बाई सगळं विसरली! सिरिंज लेकीच्या हातात देऊन ती रंगून सांगायला लागली. "तिथे नको, गचाळ दिसेल. ओठ लागतात ना, त्याच्या बोटभर खाली. हां, अस्सं! आता वाटतंय बघ, ओघळेल आणि आपण तो जिभेने टिपावा." लेकीने थेंब बसवला. पहिल्याच फटक्यात! फोटोग्राफरने शिट्टी वाजवली. आईची छाती अभिमानाने फुगली, आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं की आपण पोरीला दारू गोड कशी दाखवायची हेच शिकवतोय. नवऱ्याची ती किल्ल्यांची म्हण तिला आठवली.

लेकीने मात्र सिरिंज खाली ठेवून खिशातून फोन काढला. "आई, थांब थांब! हा बघ, तो व्हेपचा व्हिडिओ. ही वाफ गुलाबी दिसतेय, ती मागून दिवा मारलाय म्हणून ना?"

थेंबवाली फोनवर वाकली. "अगं हो! आणि सावकाश चालवलाय. परत दाखव. हे बघ, ती मुलगी ओढताना दिसतच नाही. आधी ओठाशी नेते, मग थेट वाफ."

"म्हणजे खोकली असेल!"

"नाहीतर काय! तेवढंच कापलंय."

दोघींची डोकी एकाच फोनवर. लेक ओरडत होती, "इथे पण कापलंय! इथे पण!" आठवडाभरात ती आईशी इतकं बोलली नव्हती. थेंबवालीला वाटलं, नाचावं.

मग लेकीने फोन खाली केला. तिने टेबलावरच्या ग्लासाकडे पाहिलं. "आई, तुझे थेंब बघून कोणीतरी पहिल्यांदा प्यायलं असेल ना?"

झोंबलं. पोटासाठी करावं लागतं, बघणाऱ्याला अक्कल नको का, अशी उत्तरं जिभेवर तयार होती. थेंबवालीने ती गिळली.

"प्यायलं असेल," ती म्हणाली. "त्यासाठीच तर मला बोलावतात. आणि मला ते ठाऊक असतं."

लेकीला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. मग फोन उलटा ठेवून ती हळूच म्हणाली, "ते मैत्रिणीचं नव्हतं. माझंच आहे. सोडून बघितलं मी, पण डोकं भणभणतं. शाळेत लक्षच लागत नाही. बाबांना सांगू नकोस."

थेंबवालीच्या काळजात चर्र झालं. आणि त्याच क्षणी तिला आनंदही झाला. हो, आनंदच! पोरगी आपणहून बोलली होती.

"बाबांना आपण दोघी मिळून सांगू," ती म्हणाली. "आधी मला सांग."

तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला, "थेंबवाली, बाजूला हो! फोटो घेतो, नाहीतर थेंब जातील!"

"माझे थेंब दुपारपर्यंत कुठे जात नाहीत," ती तिथूनच कडाडली. "सगळ्यांनी चहा घ्या. ग्लासातला नको, साबण आहे त्यात. मी माझ्या लेकीशी बोलतेय."

तिने दोन खोकी उलटी केली, एकावर स्वतः बसली, दुसरं लेकीकडे सरकवलं. लेकीने नाक पुसलं आणि सांगायला सुरुवात केली. मध्ये एकदा थेंबवालीने भाषणासाठी तोंड उघडलं. पण तिने ते मिटलं आणि ती ऐकत राहिली.