बर्थाबाईंची तिसरी प्रार्थना

पडदा वर जातो. रंगमंचावर वसईतल्या एका घराची ओटी. साल त्र्याऐंशी, रविवारची दुपार. शिलाई मशीन भिंतीकडे सरकवलेलं. मधोमध कापड बेतायचं मोठं टेबल, त्यावर एका बशीत तळलेले फुगे, म्हणजे वसईकडचे पिठाचे फुगलेले गोळे, आणि दुसऱ्या बशीत फासे. पण कसले फासे! एकाला चार बाजू, एकाला आठ, एकाला चक्क वीस! डावीकडे मी, आगाशीच्या आमच्या नाट्यमंडळाचा कायमचा राजा. उजवीकडे दिवाकर, मंडळाचा प्रॉम्प्टर, घरची पानवेलींची वाडी. पलीकडे उभा फर्डिनंड, बोटीवरचा आचारी, रजेवर आलेला. आणि टेबलाच्या टोकाशी, गळ्यात मोजपट्टी घालून बसलेली त्याची थोरली बहीण, बर्थाबाई. मंडळी, टाळ्या राखून ठेवू नका. आजची नायिका त्याच!

बर्थाबाई नवऱ्यामुलींचे झगे शिवायच्या आणि आमच्या मंडळाचे पोशाखही. आई लवकर गेली, तेव्हा फर्डीला त्यांनीच वाढवलं, मशीन चालवून. प्रयोगाच्या दिवशी त्या विंगेत उभ्या राहायच्या ते आधीच दोरे ओवलेल्या सुया बाहीवर टोचून. पडदा उघडण्यापूर्वी आम्हा प्रत्येकाकडे डोक्यापासून पायापर्यंत बघायच्या. "राजे, तुम्ही हात फेकता. डावी बगल जाणार. सेनापती बसताना फाटणार." आणि तिसऱ्या अंकात माझी डावी बगल उसवायचीच! विंगेत येऊन हात वर केला, की भगवा दोरा ओवलेली सुई तयार.

तर हा खेळ. फर्डीने तो कुठल्याशा परदेशी बंदरातून खोक्यात घालून आणला होता. एकाने सूत्रधार व्हायचं, आमच्यात तो फर्डी. तो सांगतो, तुम्ही कुठे आहात, समोर काय आहे. आपण आपलं पात्र काय करतं ते सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशाने ठरवायचं. नटाला आणखी काय हवं हो! रजाभर आम्ही दर रविवारी त्या टेबलाला चिकटलेले. तलवार कुणालाच नको होती. तिघांनाही जादूच हवी. आणि भांडण रोज एकच, कुणाची जादू अवघड?

"माझी," दिवाकर म्हणायचा. "मांत्रिक आहे मी. सकाळी पोथीतून मंत्र पाठ करायचे, आणि एकदा म्हटला की मंत्र डोक्यातून पुसला. वर कुठल्याला पीस लागतं, कुठल्याला वाळू, ते खिशात बाळगायचं."

"तुला पोथी तरी आहे!" मी उसळायचो. "मी मायावी. जे नाही ते नुसत्या शब्दांनी उभं करायचं. फर्डीला पटलं तरच राक्षसाला पटणार."

"बर्थाबाई मात्र सुखी," दिवाकर हसला. "पुरोहित! ना पोथी, ना पाठांतर. सकाळी देवाकडे मागितलं, मिळालं. नवशिक्यांचं काम."

बर्थाबाईंनी त्याच्या बशीतला फुगा उचलला. "तू सकाळी विचार करतोस, आज मी काय करणार. राजे तर विचारच करत नाहीत. मला विचार करावा लागतो, आज तुम्ही दोघं काय करून ठेवणार."

"आणि देवाला काय मागायचं, ते?"

"देव सोपा आहे रे. तुम्ही अवघड."

त्या रविवारी मात्र भांडायला वेळ नव्हता. फर्डीची रजा संपली होती. दुसऱ्या दिवशी तो बोटीवर जाणार, आणि खोकं? तिथले सोबती त्याचीच वाट बघत होते.

"बाय, पैज लाव," तो म्हणाला. "आज गुहेतून तिघं जिवंत बाहेर आलात तर खोकं तुझ्या कपाटात. एक जरी मेला, तर माझ्या पेटीत."

असलं दुसरं खोकं कुठून आणणार होतो आम्ही?

"तीन प्रार्थना निवड. आत गेल्यावर बदल नाही."

"जखम भरणं! तिन्ही जखम भरणं!" दिवाकर आणि मी एकदम ओरडलो.

बर्थाबाईंनी आमच्याकडे पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत. "दोन जखमेच्या," त्या म्हणाल्या, "आणि एक मौनाची. ज्याच्यावर टाकीन त्याचा आवाज बंद."

दिवाकरने कपाळावर हात मारला. "बाई, मौन कुणाला हवंय?"

"लागेल."

शिरलो गुहेत. दिवाकरने झोपेचा मंत्र वटवाघळांवर उधळला, मंत्र पुसला गेला, आणि काळोखात स्वतः खड्ड्यात पडला. पहिली प्रार्थना गेली. पुढे दरी आली. पाठलाग करणाऱ्यांना फसवायला मी पूल उभा केला, पण काय पूल! दगडी कमानी, मशाली, वर निशाणं! वर्णन करता करता मला तो इतका पटला, की मीच त्यावर पाय ठेवला. दुसरी प्रार्थनाही गेली.

शेवटचं दालन. बाहेरचा उजेड दिसतोय, आणि वाटेत आडवा झोपलेला राक्षस. फर्डीने आवाज खाली आणला. "आता चाहूल लागली तरी तो उठेल."

आणि मी उभा राहिलो! मंडळी, समोर झोपलेला राक्षस, त्याच्या मागून येणारा उजेड, आणि मी गप्प बसू? डावा हात वर फेकला. "अरे निद्रिस्त..."

आमच्या टेबलाचा नियमच होता, तोंडातून निघेल ते पात्र बोललं. फर्डीचा हात फाशाकडे गेला.

"मौन!" बर्थाबाई कडाडल्या. "राजांवर!"

वाक्य घशातच राहिलं. हात वरचा वर. आता सुटलेल्या दोन शब्दांपुरता फासा, दहाच्या वर पडला तर राक्षस जागा. वीस बाजूंचा फासा घरंगळला, फुग्यांच्या बशीला धडकला, फिरला, फिरला... दोन!

"राक्षस कुशीवर वळला," फर्डी कुजबुजला, "आणि पुन्हा घोरू लागला."

आम्ही बाहेर! तिघंही जिवंत! दिवाकर टेबलाभोवती नाचू लागला. फर्डीने हसत हसत खोकं बहिणीच्या हातात दिलं, आणि एकदम तिच्या गळ्यात पडला. मी? मी तसाच, हात वर, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. मौन अजून कुणी उतरवलंच नव्हतं!

बर्थाबाईंनी खोकं कपाटात ठेवलं, माझ्या राजाच्या अंगरख्याशेजारी. मग माझ्याकडे आल्या आणि माझ्या सदऱ्याची डावी बगल बोटाने उचलून पाहिली. उसवली होती. बाहीवरची सुई काढून त्यांनी मला उभ्या उभ्याच टाके घातले, दोरा दाताने तोडला आणि म्हणाल्या,

"झालं. बोला आता, राजे. पण हात खाली ठेवून."