उपास धरणारा ससा

आमच्या घरातला ससा संकष्टी धरतो, ही गोष्ट घोडपदेवच्या आमच्या चाळीत तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होती. मीही ती ऑफिसात सांगून हशा पिकवत असे. आता सांगायची लाज वाटते, पण सांगते.

ससा मी आणला होता. ऑफिसातली एक मैत्रीण बंगळुरूला बदलून चालली होती. पिंजरा, पाण्याची बाटली आणि ससा असा सगळा संसार तिने माझ्या गळ्यात घातला. आठवड्याची बोली होती. नंतर तिने ससा मागितला नाही आणि मी विचारलंही नाही. पहिल्या दिवशी आईने पिंजऱ्यात वाकून बघितलं आणि चाळीत उंदीर कमी आहेत म्हणून हे ध्यान आणलंस का, असं विचारलं. रंग राखाडी, एक कान उभा आणि एक पडलेला. दिसायला तसा तो यथातथाच होता.

तेव्हा बाबांना जाऊन सात-आठ महिने झाले होते. खोलीत आम्ही दोघीच. एक खोली, कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा आणि भिंतीला लागून बाबांची लोखंडी खाट. खाटेवर कोणी झोपत नसे. तिच्याखाली बाबांच्या चपला आईने होत्या तशा ठेवल्या होत्या, आणि सशाने राहायला नेमकी तीच जागा पसंत केली. पिंजरा त्याने पहिल्या आठवड्यातच नाकारला. माझ्या चार्जरची वायर, पाटाचा कोपरा, पंचांगाची दोन पानं असा फराळ करत करत तो एक दिवस चपलांपर्यंत पोचला. संध्याकाळी मी घरी आले तर उजव्या चपलेचा पट्टा अर्धा गायब. आता आई ससा गॅलरीतून फेकून देणार अशी माझी खात्री होती. ती मात्र बराच वेळ चप्पल हातात धरून बसली आणि म्हणाली, नवी होती तेव्हा ही त्यांना चावत होती, आता हा हिला चावतोय, फिटंफाट झाली. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली होती. ससा आपल्याकडेच राहणार हे मला त्या दिवशी कळलं.

आई त्याला मेल्या म्हणायची. आमचं मूळ गाव सावंतवाडीकडे, तिथे प्रेमाने बोलायची हीच पद्धत. मेल्या, पाय आवर. मेल्या, इथे ये. दिवसभर तिचं त्याच्याशी चाललेलं असे. त्याच्या लेंड्या ती सुपलीत गोळा करून गॅलरीतल्या तुळशीला घालायची. तुळस अशी फोफावली की शेजारच्या काकू रोज सकाळी खतासाठी डबा घेऊन येऊ लागल्या.

बाबा गेल्यापासून आईचे उपास वाढत चालले होते. संकष्टी तिची पहिल्यापासूनची. मग सोमवार आला, गुरुवार आला, एकादशी आली. मध्येच कुठलीतरी जास्तीची चतुर्थी. मी कुरकुर करायचे. या वयात एवढे उपास कशाला, डॉक्टर काय सांगतात ते ऐकत जा, वगैरे. ती ऐकून घ्यायची आणि भगर निवडायला बसायची. मीही मग लॅपटॉप उघडून बसायचे. बोलून झालं की कर्तव्य झालं, असा माझा स्वभाव आहे.

घरात उपास असताना सशाला रोजचं अन्न कसं घालायचं, हा प्रश्न आईलाच पडू शकतो. तिने तो सोडवलाही. संकष्टीला त्याला पोळीचा तुकडा बंद. त्याऐवजी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट, उकडलेला बटाटा, अर्धं केळं. ससा खिचडीवर तुटून पडायचा. दुसऱ्या दिवशी त्याची भूक मंदावायची, तर आई म्हणायची, उपास अंगाला लागलाय. चंद्रोदयाच्या वेळेला तो गॅलरीच्या दाराशी जाऊन मागच्या पायांवर उभा राहायचा. ससे संध्याकाळनंतरच तरतरीत होतात, तो रोजच तसा उभा राहायचा. पण रोज कोण बघतंय? संकष्टीला सगळी चाळ गॅलरीत चंद्राची वाट बघत उभी असते, तेव्हा तो सगळ्यांना दिसला. चंद्रात त्याचाच भाऊबंद बसलाय, शेजारच्या काकू म्हणाल्या, आणि झालं. पुढच्या संकष्टीला पलीकडच्या चाळीतून दोन बायका त्याला बघायला आल्या. आईने त्यांना चहा दिला. तिचा चेहरा नातू वर्गात पहिला आल्यासारखा झाला होता.

खरं म्हणजे मला थोडंफार माहीत होतं. सशाला वाळलेलं गवत लागतं, एवढं मी मोबाइलवर वाचलं होतं. पिशवीभर मागवलंही होतं. आईने ती पिशवी पोटमाळ्यावर टाकली. ताजी कोथिंबीर घरात असताना वाळकं गवत कोण घालतं, असं तिचं म्हणणं. मी वाद घातला नाही. कोण डोकं लावणार? शिवाय ऑफिसात सांगायला गोष्ट चांगली होती.

मग अंगारकी आली. आईने खिचडी जास्त केली, कारण आता सशाला बघायला माणसं येणार होती. प्रत्येकीने येऊन त्याला थोडी थोडी भरवली. मी कामावर होते. बुधवारी सकाळी तो खाटेखाली पाठ वाकवून बसला होता आणि ताटाच्या आवाजालाही बाहेर आला नाही. अंगारकीचा उपास आहे, दोन दिवसांचा धरला असेल, आई कौतुकाने म्हणाली. संध्याकाळी काकूंनी खाली वाकून कान लावला. दात बारीक कर्रकर्र वाजत होते. जप करतोय, त्या म्हणाल्या. गणपतीला वाहिलेल्या दूर्वांची जुडी तो एरवी पूजा आटपायच्या आत ओढून न्यायचा. त्या दिवशी ती त्याच्या नाकासमोर तशीच सुकली. मी हे सगळं बघत होते आणि मला ते विचित्र वाटतही होतं, पण मी झोपून गेले.

गुरुवारी सकाळी काकू डबा घेऊन आल्या आणि त्यांनी विचारलं, आज खत नाही का? आईने सुपली बघितली. कोपरा स्वच्छ होता. कालही तो स्वच्छच होता, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. मी खाटेखाली हात घातला. नेहमी निसटणारा प्राणी निसटला नाही. पोट फुगून कडक लागलं, कान गार होते.

“उपास नाही गं हा,” मी ओरडले. “मरतोय तो.”

एवढ्या मोठ्याने मी आईशी कधी बोलले नव्हते. काकू डबा घेऊन तशाच मागे गेल्या.

शीवला पक्षी, कासवं, ससे यांची एक डॉक्टरीण बसते हे मला ससा देणाऱ्या मैत्रिणीकडून कळलं. टॅक्सीत आई त्याला बाबांच्या पंच्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसली होती. वाटभर ती एकदाही मेल्या म्हणाली नाही. बाळा म्हणत होती.

डॉक्टरीण तरुण होती, माझ्याहून लहान. तिने पोटाला नळी लावून ऐकलं, एक्स-रे काढला आणि काय काय खाल्लं ते विचारलं. आईने काहीही लपवलं नाही. खिचडी, कूट, बटाटा, केळं, कोणी किती भरवलं, सगळं शाळेतल्या मुलीसारखं उभं राहून सांगितलं. मी मध्ये गवताची पिशवी पोटमाळ्यावर असल्याचंही सांगितलं, आणि सांगतानाच मला वाटलं, हे मी आईला सहा महिन्यांपूर्वीच ठासून सांगायला हवं होतं. डॉक्टरीण रागावली नाही. सशाचं पोट सतत चालू राहावं लागतं, ते थांबलं की दिवसभरातच जीव धोक्यात येतो, एवढं तिने समजावलं. मग आईकडे बघून म्हणाली, “काकी, ससा उपास करत नाही. दुखलं तरी तो ओरडत नाही. खाणं सोडतो. त्याला तेवढंच सांगता येतं.”

आईने मान हलवली. तिने पंचा सावरला तेव्हा हातातली एकुलती बांगडी घसरून कोपरापर्यंत गेली. ती बांगडी पूर्वी मनगटावर घट्ट बसायची, साबण लावून काढावी लागायची. हे मी रोज बघत होते का? बघतच नव्हते. सशासाठी मी कामावर दांडी मारून टॅक्सी केली होती. आईसाठी मी आजवर फक्त कुरकुर केली होती.

इंजेक्शनं झाली. पोटात गॅस धरलेल्या तान्ह्या बाळांना देतात तसले थेंब मिळाले, पाण्यात कालवून सुईविना सिरिंजने भरवायची एक पूड मिळाली. दर दोन तासांनी भरवा, पोट हलक्या हाताने चोळा, डॉक्टरीण म्हणाली. उद्या सकाळपर्यंत लेंडी पडली तर वाचला म्हणा. नाही पडली तर मात्र मला काही सांगता येणार नाही.

दुपारी आम्ही घरी आलो. आई खाटेला टेकून जमिनीवर बसली, मांडीवर ससा. ती सिरिंज धरायची, तो तोंड फिरवायचा, निम्मं तिच्या पदरावर सांडायचं. चार वाजले तरी तिने चहासुद्धा घेतला नव्हता. गुरुवार होता, त्यात हे. मग ती देवाच्या फोटोकडे बघून पुटपुटायला लागली. हा बरा झाला तर अकरा संकष्ट्या निर्जळी करीन, असं काहीतरी होतं.

“आणखी उपास नको,” मी म्हटलं. मग तिच्याजवळ खाली बसले. घरात मी सहसा मालवणी बोलत नाही, पण तेव्हा तेच तोंडात आलं. “आई, तुका काय दुखता गे?”

तिचा हात सशाच्या पोटावर फिरत राहिला.

“दुपारी एकटीचा ताट वाढूक माझो हात उठणा नाय,” ती म्हणाली. “उपासाक ताट वाढूचा लागणा नाय.”

वाटीभर भगर ओट्यापाशी उभ्यानेही खाता येते. मला ते कधी सुचलंच नव्हतं. चाळीस वर्षं बाबांसमोर बसून जेवलेल्या बाईला मी डब्यात पोळी-भाजी झाकून ठेवते, वेळेवर खा, असं सांगून रोज सकाळी घराबाहेर पडत होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

रडून झाल्यावर मी उठले. कुकर लावला, वरण-भात केला, लिंबू चिरलं. दोन ताटं वाढली आणि खाटेपाशी आणून ठेवली. गुरुवार आहे, ती म्हणाली. असू दे, मी म्हटलं. तिने सशाकडे बघितलं, मग हात धुऊन आली. पहिला घास तिने बराच वेळ चावला. मी पोटमाळ्यावरून गवताची पिशवी काढली आणि मूठभर गवत आमच्या ताटांच्या मध्ये ठेवलं. बाजूला कालची उरलेली दूर्वांची जुडी ठेवली. हेही गवतच ना गं, आईने विचारलं. गवतच, मी म्हटलं.

त्याने लगेच काही खाल्लं नाही. खाल्लं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं, पण नाही खाल्लं. पंच्यातून उतरून तो दोन पावलं सरकला आणि आमच्या ताटांकडे नाक हलवत बसून राहिला. आम्ही आळीपाळीने भरवत राहिलो.

सकाळी मला आईच्या हाकेने जाग आली. ती मोरीच्या बाजूला बसून सुपलीत वाकून बघत होती. सुपलीत एकच लेंडी होती, लहानशी, वेडीवाकडी. मी जन्मात कशाकडे इतक्या आनंदाने बघितलं नसेल. आईने दार उघडून काकूंना हाक मारली. त्या घाईघाईने डबा घेऊन आल्या, मग सुपलीकडे बघून डबा खाली ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. मागे खाटेखाली दूर्वा चावल्याचा आवाज येत होता.

“मेल्या,” आई म्हणाली, “सावकाश खा.”

याला आता वर्ष होत आलं. आईने संकष्टी तेवढी ठेवली, बाकीचे उपास सोडले. अजून कोणी विचारलं तर ती सांगते, त्याने उपास सोडला, त्याला झेपत नव्हता. कोपऱ्यावरचा फुलवाला तिला दूर्वांच्या जुड्या काढून ठेवतो. दुपारी एक वाजता ती खाटेपाशी ताट घेऊन बसते आणि समोर तो गवत घेऊन. फोटो काढून मला पाठवते, सशाचा म्हणून. फोटोत कधी निम्माच कान आलेला, कधी नुसतं बूड.

मी ऑफिसात तो फोटो मोठा करून बघते. आधी ताट बघते.