ब्रेक डाउनचा तिसरा अर्थ

नाटकवाले सर बोलण्यातलं इंग्रजी शिकवायचे, पण अर्थ तोंडाने कधी सांगायचे नाहीत, करून दाखवायचे. 'टेक ऑफ' म्हटलं की आधी अंगातला कोट काढत, मग हात पसरून विमान उडवत, मग कुणाची तरी हुबेहूब नक्कल. पुढच्या खोलीत शिकवणी, आतल्या खोलीत संसार आणि मध्ये एक पडदा. पोरं पोट धरून हसायची. आत भाजी चिरता चिरता बायको मुलीला म्हणायची, "आपल्या वाट्याला तेवढं तोबरा चढवलेलं मुकं तोंड."

ती एकुलती एक मुलगी तापाचं निमित्त होऊन गेली. सरांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. दवाखान्याचे सोपस्कार, भेटायला येणारी माणसं, सगळं त्यांनी चोख निभावलं. बायको एकटीच रडायची. हा माणूस एकदा आपल्याजवळ मोकळा झाला तर आपण दोघं वाचू, असं तिला वाटे. "रडा हो एकदा," असं तिने विनवूनही पाहिलं. त्यांनी कूस बदलली.

मग नवी तुकडी आली. घरात काय घडलं ते या पोरांना कुणी सांगितलं नव्हतं. धड्यांचा क्रम ठरलेला. त्या दिवशी 'ब्रेक डाउन'ची पाळी होती. पडद्याआडून बायकोने ऐकलं, गाडी खोकत खोकत बंद पडली. हशा. खांद्याच्या धक्क्याने दार मोडलं. पुन्हा हशा. तिसरा अर्थ रडू कोसळण्याचा. त्यासाठी सर दरवर्षी खुर्चीला मिठी मारून गळा काढत. आजही काढला, पण तो थांबेना. मध्येच "चिमणे, चिमणे" असे शब्द आले. ते मुलीचं लाडाचं नाव होतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

बायको पडदा मुठीत धरून उभी राहिली. वर्ग चालू असताना बाहेर यायचं नाही, हा लग्नापासूनचा दंडक, आणि तो मोडायचा तिला धीर झाला नाही. शेवटी नाक शिंकरल्याचा आवाज आला. सरांनी अर्थ विचारला, कुणीतरी बरोबर सांगितला.

पोरं गेल्यावर ते आत येऊन पाणी प्यायले. डोळे सुजले होते.

"माझ्यासमोर का नाही हो?" तिने विचारलं. "ती माझीपण होती ना."

"शिकवत होतो," ते म्हणाले आणि पेला ठेवून खुर्च्या लावायला गेले.

त्यानंतर तिने त्यांना कधी रडा म्हटलं नाही, आणि त्यांच्यादेखत स्वतःही रडली नाही.