जासईच्या तलवारीची कल्हई

आमच्या अण्णांनी आयुष्यभर तलवारी जमवल्या, आणि त्यांतली एकही तलवार नव्हती.

माजघराच्या भिंतीवर अशा पाच टांगलेल्या असायच्या. पहिली एका नाटक मंडळीने पनवेलातला मुक्काम हलवताना मागे टाकलेली (आत लाकूड, वर पत्रा!). दुसरी बँडवाल्यांची. तिसरी खुद्द अण्णांनी लोहाराशेजारी दोन दिवस बसून लॉरीच्या पाट्यापासून घडवून घेतलेली. तिने आई फणस फोडायची. चौथी आणि पाचवी यांच्याबद्दल घरात बोलायचं नाही असा नियम होता, कारण "अस्सल आहे, अस्सल!" म्हणत अण्णांनी त्या घरी आणल्या होत्या आणि आठवड्यात त्यांचा रंग हाताला लागला होता.

अण्णा शाळेत मास्तर होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. त्यांना तलवारीतलं सगळं कळायचं. फिरंगी कुठली, धोप कुठली, मूठ कुठल्या घडणीची, याची चित्रं काढून त्यांनी दोन वह्या भरल्या होत्या. पात्यावर टिचकी मारली की अस्सल पोलाद खणकन बोलतं, वाकवून सोडलं की तसंच्या तसं सरळ होतं, हे ते पाहुण्यांना चहाआधी सांगायचे. पाहुणे चहा घेऊन जायचे, तलवारीचं विसरायचे.

हे वेड उगाच नव्हतं. अण्णा सात वर्षांचे असताना त्यांच्या आजोबांकडे एक फिरंगी होती. लांब, सरळ पात्याची, परदेशी पोलादाची. सरकारने हत्यारं जमा करायला सांगितली तेव्हा आजोबांनी ती स्वतःच्या हाताने कचेरीत नेऊन दिली. निघताना त्यांनी ती एकदाच नातवाच्या हातात दिली होती. "किती जड होती, आणि तरी हातात आल्यावर हलकी वाटली रे," अण्णा म्हणायचे. साठीत आले तरी ते तो हलकेपणा शोधत होते. आता तर दोन्ही डोळ्यांना काचबिंदू झाला होता. दिसेनासं होण्याआधी एक अस्सल फिरंगी अण्णांच्या हातात द्यायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. मी बावीस वर्षांचा, कचेरीत नुकता चिकटलेला कारकून. त्या वयात माणसाला वाटतं, आपण ठरवलं की झालंच!

आणि झालंच की! आमच्या कचेरीतला शिपाई दामा जासईचा. त्याने एकदा सहज सांगितलं, "आमचे नागूआत्याकरं हाय ना तलवार. बालांतिनीच्या उशाला ठेवतान."

पुढच्या रविवारी मी जासईला हजर. नागूबाय मिठागरात आयुष्य घालवलेली, साठीची, करडी बाई. आतल्या खोलीतून तिने शेंदूर, तेल आणि काजळीने माखलेलं एक लांब काहीतरी आणलं. मी अण्णांचा मुलगा. सरळ पातं पाहूनच मी ओळखलं, ही फिरंगी!

"आमचे घरानची सगली पोरं हिच्या सोबतीनं जल्मलीन," ती म्हणाली. "लोखंड उशाला असला का बाधा नाय होत. इकाची नाय हां!"

"विकत नको, आजी. दसऱ्यापुरती द्या. माझ्या वडलांना एकदा हातात घेऊ दे."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माजे सुनंचे दिवस कार्तिकान भरतान. दिवालीचे आधी परत आन. आनि हाय तशी आन."

'हाय तशी आन.' शब्द स्पष्ट होते. अर्थही स्पष्ट होता. मी मान डोलावली, तलवार चादरीत गुंडाळली आणि घरी आणून पलंगाखाली लपवली.

खंडेनवमी दोन दिवसांवर आली. मी गुपचूप चादर सोडून पाहिली आणि माझा हिरमोडच झाला. इतकी काळी, इतकी चिकट! ही अण्णांच्या हातात द्यायची? सणाच्या दिवशी? तेवढ्यात गल्लीत आरोळी आली, "कल्हईऽऽवाला!"

वाचकहो, तुम्हाला इथेच कळलं असेल. मला नाही कळलं.

करीमचाचा दर दसऱ्याला आमच्या अंगणात भट्टी लावायचे. अण्णा देवळात गेले होते. मी तलवार त्यांच्यापुढे धरली. चाचांनी ती पाहिली, मला पाहिलं, परत ती पाहिली.

"बेटा, ही चीज कल्हईची नाय. मी पातेल्यांचा आदमी."

"चाचा, फक्त चमकली पाहिजे."

"लोखंड कल्हई धरत नाय नीट. आणि भट्टीत गेली तर अंदरची जान जाईल हिची. सोच ले."

"तुम्ही करा हो! अण्णांना देणार आहे मी!"

तितक्यात आई तपेली, तांबे, पिंप आणि शेजारणीची परात घेऊन बाहेर आली. "त्याचं आधी करून टाका चाचा, तो ऐकायचा नाही, बापावर गेलाय." चाचांनी कपाळाला हात लावला आणि भाता सुरू केला. नवसागराचा पांढरा धूर उठला, कापसाचा बोळा फिरला, आणि अर्ध्या तासात ती काळी वस्तू अशी लखलखली की आईने तिच्यात बघून केस सारखे केले. माझा ऊर भरून आला. गाढवाचा ऊर भरून येतो तेव्हा कसा दिसतो हे ज्यांना पाहायचं होतं, त्यांनी त्या दिवशी आमच्या अंगणात यायला हवं होतं!

खंडेनवमीला सकाळी पाटावर तलवार, बाजूला झेंडूची फुलं, नारळ. मी अण्णांना हाताला धरून आणलं. "अण्णा, फिरंगी आहे. अस्सल."

आधी त्यांनी नमस्कार केला. मग पात्यावर टिचकी मारली.

थप्प.

परत मारली. परत थप्प. (आमचं पिंपसुद्धा याहून बरं वाजायचं.) त्यांनी पातं हलकेच वाकवलं आणि सोडलं. ते वाकलेलंच राहिलं. मग ते हळूच, मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाले, "सुरेख आहे हो. कुठल्या नाटक मंडळीची?"

"अण्णा, नाही हो! जासईची आहे! उचलून तर बघा!"

त्यांनी मुठीला धरून उचलली. मूठ वर आली. पातं नारळावर आपटून पाटाखाली गेलं! मूठ आतून लाखेने बसवलेली असते, आणि भट्टीच्या धगीने ती लाख कधीच वितळून गळून गेली होती, हे मला कुठून ठाऊक असणार? (दोन्ही वह्यांत लिहिलेलं होतं.) आई ओरडली, "अगं बाई, मोडली!"

अण्णांनी चाचपडत पातं शोधलं. मुठीच्या आत दडलेला भाग कल्हईतून वाचला होता. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं, थांबले, परत फिरवलं. वास घेतला. त्यांचा चेहरा असा काही बदलला, की मी आजही डोळे मिटले तर तो मला दिसतो.

"हे जुनं आहे," ते म्हणाले. "खूप जुनं. अरे, तू हिला केलंस तरी काय?"

"कल्हई," मी म्हणालो.

यावर अण्णा मला मारतील असं वाटलं. ते हसायलाच लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि त्यातलं किती पाणी हसण्याचं होतं ते मी विचारलं नाही.

मग सुरू झालं घासणं! मागल्या पडवीत अण्णा मांडीवर तलवार घेऊन बसायचे. विटेची पूड, तीळतेल, सुताडा. सकाळ, दुपार, संध्याकाळ. आई धुसफुसायची, "इतकी वर्षं मी म्हणतेय देवाची समई घासून द्या, तेव्हा हात दुखत होते!" अण्णा ऐकायचे नाहीत. कल्हईखालून पात्याच्या लांबीवर कोरलेल्या तीन पन्हळी निघाल्या. त्या त्यांनी बोटांनी मोजून मला परत मोजायला लावल्या. मुठीजवळ परक्या लिपीतली चार अक्षरं निघाली. मला ती वाचता आली नाहीत. अण्णांनी वर कागद ठेवून पेन्सिल घासली, अक्षरं उमटवून घेतली. "आमच्याकडच्या फिरंगीलाही तीनच पन्हळी होत्या," ते म्हणाले. एवढ्या आनंदात मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. लाखेने मूठ पुन्हा बसवली, वाक गुडघ्यावर काढला. पण दिवाळी तोंडावर आली तरी घासून झालं होतं जेमतेम अर्धं.

"मी येतो जासईला," अण्णा म्हणाले. "माफी मी मागेन."

सतरंजीत गुंडाळून आम्ही ती एस.टी.त चढवली.

"हे काय आहे, मास्तर?" कंडक्टर.

"छत्री," मी.

"एवढी लांब?"

"आम्ही दोघं आहोत ना!"

नागूबायच्या ओटीवर सतरंजी सोडली. अर्धी तलवार काळसर, अर्धी चांदीसारखी. अण्णांनी हात जोडले. "बाई, माझ्या मुलाकडून चूक झाली. वस्तू बिघडली."

नागूबाय वाकून बघत राहिली. "अगो बाय! ही अर्दीच कनाला चकाकते?"

"बाकीची कल्हई मी काढली," अण्णा म्हणाले.

"काराली कनाला? सोभत व्हती की!"

पंधरा दिवस घासून बोटांची सालं निघालेल्या माझ्या बापाने हेही ऐकून घेतलं. मग त्यांनी तिचा हात धरून पात्यावर ठेवला आणि सांगायला लागले. ही पन्हळ बघा, ही अक्षरं बघा, ही समुद्रापलीकडून आली असेल, कुणाच्या कमरेला असेल. शाळेत सांगायचे तसं सांगत होते. नागूबाय तलवारीकडे कमी आणि अण्णांकडे जास्त बघत होती.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमी हिला लेकरू धरल्यागत धरलंव. न्या तुमीच. माजे सुनंचे उशाला मी कोयता ठेवीन. लोखंड तं लोखंड."

अण्णांचं तोंड उघडलं. पण त्याआधी मी बोललो! मी! कारकून! चारचौघांत वाढलेला, शिकलेला!

"छे छे, आजी! भलतंच काय! तुमची वस्तू तुमच्याच घरी शोभते!"

आमच्यात असंच असतं हो. पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, समोरच्याने 'घ्या हो' म्हणायचं, आपण परत 'कशाला उगाच' म्हणायचं, आणि तिसऱ्या आग्रहाला हात पुढे करायचा. मी पहिलं 'नको' अगदी झोकात म्हटलं आणि दुसऱ्या आग्रहाची वाट बघत उभा राहिलो.

"बरं," नागूबाय म्हणाली, आणि तलवार उचलून आत ठेवून आली.

तिच्याकडे 'नको' म्हणजे नको! चहा झाला, पोहे झाले. मी दर दोन मिनिटांनी आतल्या दाराकडे बघत होतो. अण्णांचा हात मांडीवर तसाच उताणा पडला होता, काहीतरी घ्यायला उघडलेला. मुलाने मोठेपणाने नाही म्हटल्यावर बाप हो कसा म्हणणार? एस.टी.त ते एवढंच म्हणाले, "बोललास छान तू."

पुढच्या वर्षी मी लाजलज्जा सोडून परत जासईला गेलो. नागूबायची लेक गरोदर होती. तलवार तिच्याबरोबर सासरी, खाडीपलीकडे गेली होती. तिथे गेलो तर तिथून तिच्या नणंदेकडे. प्रत्येक घरी एक नवं मूल मात्र ठणठणीत रडत होतं! मग मी थांबलो. अण्णांची दृष्टी त्या हिवाळ्यात पार गेली. तो पेन्सिलीचा कागद ते बोटांनी चाचपायचे. कागदावर काय लागणार हाताला? पण ते चाचपायचे. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, आणि मला अजून त्यांची आठवण आली की आधी तो उताणा हात आठवतो.

तेव्हापासून मी एक केलं. कुणी काही देऊ केलं की त्याचं वाक्य संपण्याआधी मी 'हो' म्हणतो. पंगतीत जिलबी आली की हो, चहा हो, चालत्या बैलगाडीतून 'येता का' म्हटलं तर उडीच मारतो. मागे एका लग्नात यजमान नुसते शेजाऱ्याला विचारत होते, तरी मी ताट पुढे केलं. सुना तोंडाला पदर लावून हसतात. अख्खं पनवेल म्हणतं, मास्तरांचा मुलगा म्हातारपणी फार हावरट झाला. खरं आहे ते. फक्त जासईच्या ओटीवर व्हायला हवा होता, तो पंगतीत झाला!