प्लग मागणारे मामा

माझ्या मामेसासऱ्यांनी आयुष्यात फक्त एकच गोष्ट पहिल्या भेटीत पसंत केली, आणि ती म्हणजे मामी. तीसुद्धा, मामींच्या म्हणण्याप्रमाणे, नकार द्यायला त्यांना सवड मिळाली नाही म्हणून. एरवी मामांना काही पसंत पडणं ही फार लांबची वाट. वांगी घ्यायला गेले तर टोपलीतलं एकेक वांगं कानाशी धरून बोटाने वाजवतात. आतून काय ऐकू येतं ते त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही, पण त्यांना लांबून येताना पाहिलं की भाजीवाली टोपली पुढे सरकवते आणि शेजारणीशी गप्पा मारायला निघून जाते. छत्री घ्यायची होती तेव्हा दुकानाच्या पायरीवर पावसाची वाट बघत बसले होते, कारण कोरड्या छत्रीवर माणसाने विश्वास काय म्हणून ठेवायचा? चेन्नईत पावसाची वाट बघत बसणं म्हणजे काय, ते इथे राहिलेल्यालाच कळेल. शेवटी दुकानदाराने वैतागून छत्रीवर बादलीभर पाणी ओतलं. छत्रीतून थेंबही गळला नाही. मामा उठले, धोतराचा सोगा झटकला आणि म्हणाले, "बरें आहे. उद्यां येतों."

मामांची मराठी ही अशी. त्यांच्या पूर्वजांनी ती तंजावरला आणली आणि पिढ्यान्‌पिढ्या लोणच्यासारखी झाकण लावून ठेवली. वरून काय पडलं असेल तर चार तमिळ शब्द. मी नाशिकची. लग्न होऊन इथे आले तेव्हा माझ्या मनात होतं, की या लोकांची मराठी जरा सुधारायला हवी. पहिल्याच भेटीत मामांनी माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे वळून विचारलं, "पोरगी चांगली आहे. पण हें असलें मराठी कोठें शिकली?" त्यानंतर मी कुणाचं काही सुधारायच्या फंदात पडले नाही.

नोकरीत असताना मामा रेल्वेच्या डब्यांच्या आतलं लाकूडकाम करत. निवृत्त झाल्यावर माणसं पेपर वाचतात, देवळात जातात, सुनांना सल्ले देतात. मामांनी स्कूटरच्या मागे एक लाकडी पेटी बसवून घेतली आणि अंबत्तूरच्या घरून निघून शहरभर लोकांची दारं-खिडक्या दुरुस्त करत फिरायला लागले. डासांच्या जाळीची दारं, अडकणारे ड्रॉवर, पडदे धरून न ठेवणारे रॉड, असली कामं. त्यातून अड्यारकडच्या खाऱ्या वाऱ्याने तिथल्या बिजागऱ्या दर दोन-तीन वर्षांनी गंजतात, त्यामुळे मामा समुद्राला आपला मुकादम मानतात. "मी नाहीं कुणाला फोन करत. तोच काम पाठवतो," असं ते म्हणायचे, आणि म्हणताना पूर्वेकडे बघून मान लववायचे.

त्यांचा एक नियम होता आणि तो फार कडक होता. कामाशिवाय कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. मामी होत्या तोवर या नियमाने कुणाचं काही बिघडलं नाही, कारण सणावाराला मामी त्यांना हाताला धरून सगळीकडे न्यायच्या. मामी गेल्या आणि मामा एकटे पडले. मूलबाळ नाही. आम्ही जेवायला बोलावलं तर फोनवर आधी प्रश्न यायचा, "काय मोडलें आहे?" काही मोडलेलं नाही, सहज या, असं म्हटलं की "सेरी", म्हणजे बरं, "बघूं" म्हणून ठेवून द्यायचे, आणि त्या 'बघूं'चा अर्थ एव्हाना मला पाठ झाला होता. म्हणून मी शनिवारी रात्री स्वयंपाकघरातल्या एखाद्या कपाटाचा स्क्रू स्वतःच सैल करून ठेवायला लागले. रविवारी मामा यायचे, स्क्रू पिळायचे, दोन वेळा रसम वाढून घ्यायचे आणि जाताना मला बजावायचे, "या घरांतल्या बिजागऱ्यांना कसला तरी रोग आहे, मा." काम होतं म्हणून मामा माणसांत होते. काम थांबलं असतं तर अंबत्तूरच्या त्या दोन खोल्यांत ते आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढेच उरले असते, आणि ही धास्ती मला आणि नवऱ्याला कायम असायची.

आणि काम थांबायची वेळ आलीच. मामांचा उजवा खांदा धरला. जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. वजनदार ड्रिल, गोल करवत आणि वायरीचं भलंमोठं रीळ घेऊन तीन-तीन जिने चढायचे म्हणजे तरण्याताठ्याचाही खांदा बोलायला लागेल. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की ओझं कमी करा नाहीतर काम बंद करा. आम्ही लगेच उपाय काढला: बॅटरीवर चालणारी, बिनवायरीची हत्यारं घ्यायची. हलकी, सुटसुटीत, रीळ ओढायला नको. मामांनी मान डोलावली आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. माणसाने वांग्यांवरून काही शिकायला हवं होतं.

कारण या हत्यारांत एक मेख आहे. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्राला बसत नाही. एकदा एकीची बॅटरी घेतली की ड्रिल, करवत, रंधा सगळं तिच्याच घरचं घ्यावं लागतं. हे कळल्यावर मामांचे डोळे चमकले. "म्हणजे ही खरेदी नव्हे, सोयरीक आहे," ते म्हणाले, आणि स्थळं बघायला बाहेर पडले. पॅरीज कॉर्नरच्या गल्लीतल्या एका दुकानात ते सागाचा, फणसाचा आणि प्लायवूडचा तुकडा पिशवीतून घेऊन जायचे. लाकूड घरचं, कारण "दुकानाचें लाकूड दुकानाच्याच बाजूनें बोलतें." मग ड्रिल डोक्याच्या वर धरून डोळे मिटायचे आणि एक अख्खं स्तोत्र म्हणायचे, ते संपायच्या आत खांदा दुखला की स्थळ नापास. पहिल्यांदा हे झालं तेव्हा दुकानातल्या गिऱ्हाइकांना वाटलं आयुधपूजा चालली आहे. दोघांनी चपला काढल्या, एकाने हात जोडले. दुकानदार भला माणूस. तो स्तोत्र संपेपर्यंत थांबायचा आणि मग हळूच विचारायचा, "सार, पॅक पण्णवा?" मामा म्हणायचे, बांधायची घाई नको, पुढच्या आठवड्यात येतो.

एवढ्यावर भागलं नाही. अंबत्तूरच्या दुरुस्ती केंद्रांत जाऊन ते बाकावर बसायला लागले. कोणाचं यंत्र कशाने आजारी पडलं, पहिल्यांदा कधी कण्हलं, बॅटरी पाण्यात पडली होती का, अशी आलेल्या प्रत्येकाची चौकशी. लोक त्यांना तिथलेच साहेब समजून तक्रारी सांगायचे आणि मामा त्या ऐकून घ्यायचे. गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात फर्निचर जोडणाऱ्या ओळखीच्या माणसाचा तळहात बघायला ते लोकलने इतक्या लांब जाऊन आले, कारण रोज ड्रिल धरणाऱ्याच्या हाताला कुठे घट्टे पडतात त्यावरून मुठीचा स्वभाव कळतो म्हणे. बारा व्होल्ट घ्यावं तर सागात दमेल, अठरा घ्यावं तर स्तोत्र पुरं होत नाही. महिने चालले. खांद्याला पट्टा बांधून, एका हाताने रीळ ओढत मामा जुन्याच हत्यारांनी काम करत राहिले. मला आता त्यांचं हसू येईनासं झालं होतं. एकदा मी चिडून म्हटलंसुद्धा, "मामा, कुठलंही एक घ्या हो! खांदा कायमचा गेला तर काय करणार आहात?"

"घेतों की," ते म्हणाले. "घाई काय?"

त्यानंतरच्या एका शनिवारी त्यांची स्कूटर बिघडली आणि मी त्यांना गाडीतून अड्यारला एका कामावर घेऊन गेले. तिसरा मजला. रीळ मी उचललं आणि दुसऱ्या मजल्यावरच मला खांद्याचं सगळं शास्त्र समजलं. दार एका म्हाताऱ्या जोडप्याने उघडलं. काम एवढंच, की देवघराच्या दाराची बिजागरी बदलायची. मामांनी आत पाऊल टाकलं, चारी भिंतींवरून नजर फिरवली आणि यजमानांसारख्या ऐसपैस आवाजात विचारलं, "प्लग कोठें आहे, अम्मा?"

मग काय झालं ते सांगते. प्लग होता टीव्हीच्या टेबलामागे. टेबल सरकवायचं म्हणजे वरचा कोलू काढायला हवा. नवरात्रात मांडलेल्या या बाहुल्या सण सरला तरी अजून तिथेच होत्या, म्हणून आधी बाई लाजल्या, मग एकेक बाहुली कुठून आणली ते सांगत उतरवू लागल्या. टेबलामागे आजोबांचा हरवलेला चष्मा सापडला. तो तिथे कुणी टाकला यावर नवराबायकोचं तमिळमधून कडाक्याचं भांडण झालं आणि निवाडा मामांकडे आला. मामांनी दोघांनाही दोषी ठरवलं. मग वायर हॉलमधून ओढताना आजोबा ती आपल्या काठीने धरून बसले, त्यांना तेवढंच काम. कॉफी आली, डवऱ्याच्या वाटीतून टंबलरमध्ये फेसाळत ओतली गेली. मामींची आठवण निघाली. त्या बाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण पदराने डोळे पुसले. बिजागरी केव्हा बसली ते माझ्या लक्षातही आलं नाही. निघताना बाईंनी हातात मुरुक्कूचा, म्हणजे इथल्या चकल्यांचा, डबा दिला आणि डबा परत द्यायला या म्हणून बजावलं. परतताना मामा गाडीत गुणगुणत होते.

पुढच्याच आठवड्यात दुकानदाराने त्यांना एक बिनवायरीचा सेट दिवसभर वापरून बघायला दिला. बिचाऱ्यालाही हे लग्न एकदाचं लागायला हवं होतं. स्कूटर अजून गॅरेजातच होती, म्हणून मीच घेऊन गेले. नवी उंच इमारत, लिफ्ट, बाल्कनीच्या जाळीचं दार. दार उघडणाऱ्या मुलीच्या कानात इअरफोन होते, ऑफिसची मीटिंग चालू होती. तिने नम्रपणे मान हलवली, बोटाने बाल्कनी दाखवली आणि पुन्हा लॅपटॉपसमोर बसली. मामांनी सवयीने तोंड उघडलं, "प्लग..." आणि हातातल्या ड्रिलकडे बघून मिटलं. ड्रिल उत्तम चाललं. खांद्याला काही त्रास नाही, पसारा नाही, वायर नाही. बघता बघता काम झालं. मुलीने बोलता बोलताच फोनवरून पैसे पाठवले, अंगठा वर करून हसली आणि दार लागलं. तिचं काही चुकलं नव्हतं.

मामा बंद दारासमोर जरा वेळ उभे राहिले. मी विचारलं, "कसं वाटलं ड्रिल?"

"फार चांगलें." मग लिफ्टचं बटण दाबत म्हणाले, "तिचें नांव विचारायचें राहिलें. विचारायला निमित्तच झालें नाहीं."

सगळे महिने मी समजत होते की मामांना यंत्र पसंत पडत नाही. यंत्रं त्यांना केव्हाच पसंत पडली होती; सुटत नव्हती ती वायर. एवढ्या चिवट माणसाला मी चिडून बोलले याचं फार वाईट वाटलं.

दोन दिवसांनी मामांचा फोन आला की चल, घ्यायचं ठरलं. दुकानात गेल्यावर त्यांनी लाकूड काढलं नाही, डोळे मिटले नाहीत. बारा व्होल्टचा हलका सेट बोटाने दाखवला. दुकानदाराला इतका आनंद झाला की तो झटपट भरणारा चार्जर आणि जादा बॅटरी सवलतीत द्यायला निघाला. मामांनी दोन्हीला नकार दिला. एकच बॅटरी हवी, आणि दुकानातला सगळ्यात सावकाश भरणारा चार्जर. दुकानदाराने मोडक्या इंग्रजीत, मग तमिळमध्ये, मग हातवारे करून समजावलं की सार, ही मध्येच संपली तर तासन्‌तास खोळंबा होईल. मामा प्रसन्नपणे त्याचं ऐकत होते. "अदु पोदुम," तेवढं पुरे, असं म्हणून त्यांनी पिशवी उघडली, आणि मी ती धरली.

आता खांदा बरा आहे. पेटी हलकी झाली आहे आणि अड्यारच्या घराघरांतून मामा बॅटरी लावायला प्लग मागत हिंडतात. कोणाकडे बसणं किती लांबलं, कुणाच्या मुलीचं कुठे जमलं, हे सगळं मला रविवारी कळतं. हो, रविवारी ते येतात. मी हल्ली कुठलाही स्क्रू सैल करत नाही. न बोलावता, जेवणाच्या बऱ्याच आधी, दारात उभे राहतात आणि बॅटरी व चार्जर पुढे करतात. "संपली आहे, मा. कोंजम, जरा लावतेस?" परवा मी ती हातात घेतली आणि सहज बाजूचं बटण दाबलं. सगळे दिवे हिरवेगार लागले; बॅटरी काठोकाठ भरलेली होती. मामा चपला काढत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. मी ती चार्जरला लावली आणि म्हटलं, "मामा, ही भरायला संध्याकाळ होईल हो."

"होऊं दे," ते म्हणाले, आणि आत येऊन बसले.