फ्लॉपी हुंगणारे सुरडकर

सुरडकर काका फ्लॉपी हातात घेतली की आधी हुंगायचे. खरबूज घेताना आपण देठाकडची बाजू नाकाला लावतो, तसं. मग डोळे मिटून निकाल द्यायचे, "वल लागलीय. माळ्यावर व्हती ना?" समोरचा माणूस हो म्हणायचा, कारण ती माळ्यावरच असायची.

उस्मानपुऱ्यात एका झेरॉक्सच्या दुकानामागे त्यांची छोटी खोली होती. एके काळी तिथे त्यांचा कॉम्प्युटर क्लास चालायचा. पुढे क्लास बंद पडला आणि फ्लॉपीही जगातून गेली, पण काकांनी दोघांचाही राजीनामा मंजूर केला नाही. कपाटात जुन्या फ्लॉप्या सापडलेले वकील, डॉक्टर आणि पीएचडी अर्धवट राहिलेले प्राध्यापक शोधत शोधत तिथे पोचायचे. आत शिरल्याबरोबर त्यांना हात धुवायला लावलं जाई.

ज्या फ्लॉप्यांतून काहीच निघालं नाही त्या भिंतीवर दोऱ्याला टांगलेल्या असत आणि प्रत्येकीला मृत्यूच्या कारणाची चिठ्ठी असे. 'अर्जाला स्टेपल केली.' 'चुंबकाने फ्रिजवर लावली.' एकीवर नुसतंच 'हो म्हणाले' असं होतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा न राहवून त्याबद्दल विचारलं.

"यंत्रानं इचारलं, फॉरमॅट करू का? वकीलसाहेब म्हणले, हो. झालं, पाटी कोरी. आता यंत्र इचारतं म्हणून काय हो म्हणायचं? कोर्टात म्हणतेत का असं?"

वकीलसाहेब तिथेच स्टुलावर बसले होते. त्यांनी चहाच्या कपात पाहत मान हलवली. चुकलेल्याची भीडभाड ठेवणं काकांच्या स्वभावातच नव्हतं.

मी गेले होते अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या फ्लॉप्या घेऊन. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर अण्णा काकांच्याच क्लासात टायपिंग शिकले आणि घरी एक जुना कॉम्प्युटर आणून आठवणी लिहायला बसले. सात फ्लॉप्या भरल्या, पण एकही ओळ कुणाला वाचू दिली नाही. ते गेले, कॉम्प्युटर भंगारात गेला, फ्लॉप्या स्टीलच्या डब्यात राहिल्या. आई आता थकलीय, तिला दिसतंही कमी. तिने एकच हट्ट धरला होता. "ह्यांनी माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला ऐकायचंय. वाईट असलं तरी चालेल. ते लिहीत होते तोवर विचारत आले, 'लिहितोय' म्हणायचे आणि पडदा बंद करायचे."

काकांनी पहिली फ्लॉपी हुंगली. पुन्हा हुंगली. त्यांचं नाक गोंधळलेलं दिसलं. "ताई, ही वल नाय." त्यांनी फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवली, आत कापसाचा बोळा फिरवला आणि माझ्यापुढे धरला. बोळा लाल झाला होता. "कुंकू हाय हे."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दर दसऱ्याला आई घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करायची. पाटावर विळी, शिलाई मशीन आणि त्यांच्या शेजारी अण्णांच्या सात फ्लॉप्या. प्रत्येकीला हळद, कुंकू, अक्षता. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "आम्ही दसऱ्याला नागपूरला जातो, ताई. मागं इकडं फ्लॉप्यांचं असं काय व्हतं, ते आमाला कसं कळावं? माउलीनं लई भक्तीनं मारल्या हो." मग गंभीर होऊन म्हणाले, "पण ऐकायचंय तर तिलाच ना?"

पुढचे आठ-दहा दिवस मी सुट्टी टाकून तिथे जात राहिले. काका ब्लेडने प्लास्टिकचं कवच उघडत, आतली पातळ तपकिरी चकती डिस्टिल्ड वॉटरच्या वाडग्यात हलक्या हाताने धूत, वाळवत आणि दुसऱ्या कवचात घालत. वाडग्यातलं पाणी लाल होत जाई. मी एकदा घाई केली तर म्हणाले, "जल्दी का काम शैतान का. आधी नक्कल, मग वाचणं. वाचतं कुणीबी, नक्कल करायलाच अक्कल लागते."

सहा फ्लॉप्या निघाल्या. त्यांत शाळा होती, तपासणीला आलेले साहेब होते, गळकं छप्पर होतं, आई कुठेच नव्हती. सातव्या फ्लॉपीवर अण्णांनी 'घर' असं लिहिलं होतं, आणि नेमकी तीच निघेना. कुंकू पुरतं धुऊन झालं होतं, तरी कॉम्प्युटर तिला ओळखच देईना.

"गुरुजींचा ड्राइव्ह शेवटी शेवटी वाकडा चालत असंल," काका म्हणाले. "वाकड्यानं लिवलेलं वाचायला वाचणाराबी तेवढाच वाकडा लागतो. आन् ही चकती अजून चार-पाच फेऱ्या सोसंल. मंग गेलं."

त्यांनी क्लासच्या दिवसांपासून जपलेला आपला सगळ्यात चांगला ड्राइव्ह काढला आणि त्याच्या, चकती वाचणाऱ्या, डोक्याचा स्क्रू सैल केला. मी विचारलं, हा पुन्हा सरळ होईल ना? "नाय," ते म्हणाले आणि स्क्रू केसभर फिरवला. पहिली फेरी वाया गेली. दुसरी गेली, तिसरी गेली. चौथीला ड्राइव्ह घुरघुरला, थांबला आणि सुरळीत फिरू लागला. नक्कल पूर्ण होईपर्यंत काकांनी ड्राइव्हवरचा हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी आईला रिक्षातून घेऊन आले. काकांनी तिलाही हात धुवायला लावले. मग खुर्ची दिली आणि स्वतः वाचायला बसले. मी त्यांच्या मागे उभी होते, मला पडदा दिसत होता.

"'दर दसऱ्याला ही माझ्या फ्लॉप्यांची पूजा करते,'" काका वाचू लागले आणि एकदम खोकले. पुढचं वाक्य मी मनात वाचलं : 'कुंकू आत जाऊन त्या खराब होतील हे मला कळतं, पण सांगवत नाही.' काकांनी ते वाक्य गाळलं. "'डोळे मिटून काय मागते, मी कधी विचारलं नाही. माझ्यासाठीच मागत असणार. माझं स्वतःचं असं लिहिण्याजोगं फार नाही. जे आहे ते हिच्यामुळे आहे.'"

आई बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "एवढे दिवस का लागले हो भाऊ? काय झालं होतं ह्याला?"

मी काकांकडे पाहिलं. वकिलाला तोंडावर सुनावणारा माणूस होता तो.

"बुरशी व्हती, माय. लागते. त्यात कुणाची चूक नसती."

आईची नजर टेबलावरच्या वाडग्याकडे गेली. "लाल?"

"व्हय," काका म्हणाले. "लालबी असती."

मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

गेल्या वर्षी काकांनी खोली सोडली आणि ते सोयगावला भावाकडे राहायला गेले. जाताना त्यांनी सातव्या फ्लॉपीचं कुंकवाने माखलेलं जुनं कवच मला दिलं. त्यालाही चिठ्ठी होती : 'लाल बुरशी'.

यंदा दसऱ्याला आईने पाटावर विळी मांडली, शिलाई मशीन मांडलं आणि अण्णांचं लिखाण असलेला पेनड्राइव्ह मांडला. मी हळद-कुंकवाचं ताट पुढे केलं. विळीला आणि मशीनला तिने कुंकू लावलं. पेनड्राइव्हवर मात्र झेंडूचं एक फूल ठेवलं आणि ताट बाजूला सारलं.

"सुरडकर भाऊंना फोन लाव," ती म्हणाली. मी स्पीकर सुरू केला. "भाऊ, यंदा नुसतं फूल वाहिलंय हो."

पलीकडे काका खोकले. मग म्हणाले, "बरं केलं, माय. पण फूल वलं नाय ना?"

आईने फूल उचललं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटून म्हणाली, "नाही. कोरडं आहे."