मागे न येणारी गाडी आणि आमचे आतोबा

गाडी मागे घेण्यावरून पुण्यात रोज शंभर भांडणं होत असतील, पण एकदाही गाडी मागे न घेता वर्षानुवर्षं अख्खं पुणं हिंडलेला माणूस या शहरात एकच असेल, आणि तो माझ्या आत्याचा नवरा निघावा हे माझं प्रारब्ध. प्रारब्ध अशासाठी, की त्यांच्या गाडीचा रिव्हर्स गिअर गाडीत नव्हताच. तो सहकारनगरात दुसऱ्या मजल्यावर राहत होता, त्याला बायकोमुलं होती, आणि रविवारी दुपारी जेवून जरा आडवा झाला की त्याला फोन येत असे. "काय करतोयस?" असं आतोबा विचारायचे. "झोपलोय" हे उत्तर त्यांनी कधी ऐकून घेतलं नाही. "मग मोकळाच आहेस. ये जरा. गाडी आत घ्यायचीये."

ही गाडी म्हणजे एक करड्या रंगाची, क्लच नसलेली, आपले गिअर आपणच बदलणारी गाडी. आतोबांनी ती घेतली तेव्हा पर्वतीच्या पायथ्याच्या त्यांच्या सोसायटीत तशी गाडी कुणी पाहिली नव्हती. लोक खिडकीतून आत डोकावून "डाव्या पायाला काहीच काम नाही?" असं विचारून जायचे. त्या डाव्या पायासाठीच तर ती घेतली होती. माझ्या आत्याचा डावा पाय लहानपणच्या आजारानं अधू झालेला. पन्नाशीपर्यंत तिचं जग म्हणजे घर, गच्ची आणि आतोबांच्या स्कूटरची मागची सीट. रिक्षात चढताना तिला पाय हातानं उचलून घ्यावा लागतो, आणि तेवढ्या वेळात रिक्षावाला वळून बघतो, ते तिला नको असायचं. ही गाडी आली आणि पन्नासाव्या वर्षी आत्या गाडी शिकली. मग मंगळवारी आणि शनिवारी एकटी मंडईत जाऊ लागली. मैत्रिणींकडे जाऊ लागली. एकदा तर कुणालाही न सांगता सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन पिठलं-भाकरी खाऊन आली. त्यामुळे पुढे गाडीचा गिअर कुरकुरायला लागला तेव्हा आतोबांच्या दृष्टीनं तो गाडीचा प्रश्न नव्हताच. ही गाडी गेली की आत्या पुन्हा घरात बसेल, सत्तरीला टेकलेली बाई नव्या गाडीला हात लावायला धजणार नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. आत्याचं मत काय आहे, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

आधी रिव्हर्स गेला. आतोबांनी तो गेला असं शेवटपर्यंत कबूल केलं नाही. "तिला मागे यायला आवडत नाही," एवढंच ते म्हणायचे, आणि त्यानंतर त्यांनी गाडी नाही बदलली, पुणं बदललं. ज्या रस्त्याला दुसऱ्या बाजूनं तोंड नाही तो रस्ता त्यांच्या नकाशातून पुसला गेला. कार्यालयाला दोन फाटकं असतील तरच त्या लग्नाला जायचं. एकच फाटक असेल तर मुलगा कितीही चांगला असो, आहेर पोस्टानं. माझ्या चुलतबहिणीनं नारायण पेठेत बोळाच्या टोकाला घर घेतलं आणि मोठ्या हौसेनं वास्तुशांतीचं आमंत्रण केलं, तर आतोबा फोनवर म्हणाले, "घर छान आहे असं ऐकतो. बोळ पलीकडे निघाला की येऊ." ती अजून त्यांच्याशी बोलत नाही. पार्किंगसाठी ते जागा शोधायचे नाहीत, सुटकेचा मार्ग शोधायचे. पुढे काही उभं राहणार नाही अशी जागा मिळेपर्यंत आम्ही चकरा मारत राहायचो, आणि ती मिळायची तेव्हा ज्या ठिकाणी जायचं ते ठिकाण मागे कुठेतरी अर्ध्या मैलावर राहिलेलं असायचं. मागच्या काचेवर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी लावली होती: "ही गाडी मागे येत नाही. आपणही फार पुढे येऊ नये."

गाडीतून कुणाला न्यायचं हेही गिअरच ठरवायचा. नात्यात जवळ कोण यापेक्षा ढकलायला उपयोगी कोण हे पाहिलं जायचं. मला पाठदुखी सुरू झाली तेव्हा त्यांनी माझी चौकशी केली ती इतक्या बारकाईनं, की मला गहिवरून आलं. नंतर कळलं, शनिवारी साखरपुडा होता.

मग पुढच्या गिअरनंही रंग दाखवायला सुरुवात केली. सकाळी गाडी थंड असली की दांडा पुढच्या खुणेवर आणला तरी ती जागची हलायची नाही. इंजिन चालू, आतोबा चालू, गाडी स्तब्ध. ती कधी हलेल याचा अंदाज यावा म्हणून आतोबा पाढे म्हणायचे. उन्हाळ्यात सतराच्या पाढ्याला गाडी पकडायची, थंडीत एकोणतिसाचा पुरा व्हावा लागायचा. आत्याही तेच शिकली. भल्या सकाळी सोसायटीच्या आवारात दोघं म्हातारे काचा वर करून पुढे बघत एकोणतिसाचा पाढा म्हणताहेत हे दृश्य मी कितीदा पाहिलं असेल. नवीन भाडेकरूंना ती कसली तरी उपासना वाटायची, आणि एका बाईंनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, की याचा गुण कशावर येतो.

"आतोबा, गॅरेजमध्ये दाखवा," असं मी किती वेळा म्हटलं याची गणती नाही. दाखवत नव्हते असं नाही. अर्ध्या गॅरेजवाल्यांनी "ऑटोमॅटिक? आपण हात लावत नाही," म्हणून दुरूनच नमस्कार केला. बाकीच्या सगळ्यांनी एकच सुचवलं, की गिअरबॉक्सचं ऑइल बदलून बघू. आणि तिथे आतोबा उठून चालू लागायचे. कारण आतोबांची सगळी नोकरी खडकीला, सरकारी कारखान्यात, दारूगोळा तपासण्याच्या खात्यात गेली होती. तिथला त्यांचा धर्म एकच. वस्तू तपासायची, पास करायची, सील मारायचं आणि सील मारलेल्या वस्तूला पुन्हा हात लावायचा नाही. कारखान्यात हे योग्यच असणार, नाहीतर आतोबा आपल्यात नसते. पण निवृत्त होताना माणसानं हा धर्म तिथेच ठेवून यावा की नाही. त्यांच्या घरात टीव्हीच्या रिमोटची पिशवी टीव्ही बदलला तरी निघाली नाही. मिक्सर एकदा बंद पडला, तर तळाचा स्क्रू उघडायचा नाही म्हणून आत्यानं वर्षभर चटणी पाट्यावर वाटली. त्याच न्यायानं गाडीची बाकी सगळी उस्तवार होत होती. आठवड्याला हवा, महिन्याला पॉलिश, इंजिनाचं ऑइल वेळच्या वेळी. पण गिअरबॉक्स हा त्यांच्या मते सीलबंद माल होता. "बनवणाऱ्यानं विचार करूनच बंद केलंय ना? मग तू कोण उघडणारा?" हे त्यांनी एका गॅरेजवाल्याला विचारलं. तो बिचारा निरुत्तर झाला. आतोबांसमोर पुष्कळ लोक निरुत्तर व्हायचे. ते पटलं म्हणून नव्हे, घरी जायचं असायचं म्हणून.

शेवटी व्हायचं ते स्वारगेटला झालं. एका दोन फाटकांच्या कार्यालयात लग्न होतं. आत्या चालवत होती, आतोबा शेजारी रेशमी झब्ब्यात, आणि मी मागे, माझ्या नेहमीच्या हुद्द्यावर. सिग्नल हिरवा झाला. आत्यानं पाय दाबला, गाडी नुसती ओरडली. हलली नाही. मागे एक एसटी, दोन पीएमटी आणि उरलेलं पुणं. आतोबांनी शांतपणे एकोणतिसाचा पाढा सुरू केला. तो संपला, तिसाचा झाला, सिग्नल लाल होऊन पुन्हा हिरवा झाला. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला, "काका, घेता का जरा बाजूला?"

आतोबांनी काच खाली केली. "घेणारच होतो. म्हटलं आधी आपल्याला विचारावं."

एका दुचाकीवरच्या मुलानं "अंकल, हॅझर्ड लाइट तरी ऑन करा," म्हटलं. त्याला त्यांनी आधी मराठी शिकून यायला सांगितलं. एवढ्यात आत्यानं किल्ली फिरवून इंजिनच बंद केलं.

"बंद का केलंस?"

"ती आता येणार नाही," आत्या म्हणाली. "किती ओढायचं तिला."

भर चौकात मी, एक ट्रॅफिक हवालदार आणि रेशमी झब्बा अशा तिघांनी ती गाडी कडेला घेतली. लग्न आमच्याविनाच लागलं.

गाडी टो करून ज्या गॅरेजमध्ये नेली, तिथून आतोबांना यावेळी उठून जाता आलं नाही, कारण जायला गाडी नव्हती. मेकॅनिकनं गिअरबॉक्सच्या खालचा बोल्ट सोडला. जे बाहेर आलं ते ऑइल आहे असं त्यानं सांगितलं म्हणून मानायचं. काळंकुट्ट, करपलेला वास, त्यात चकाकणारा धातूचा चुरा. आतल्या प्लेटा जळाल्या होत्या, सुटे भाग आता कुठे मिळत नव्हते. "काका, हे शेवटचं कधी बदललं होतं?"

"कधीच नाही," आतोबा म्हणाले. त्या आवाजात अजून अभिमान होता. "पहिल्या दिवसापासून सील तसंच आहे."

"वेळेवर बदललं असतं तर अजून चालली असती हो."

आत्या प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय लांब करून बसली होती. ती म्हणाली, "अहो, जन्मभर दारूगोळा सांभाळलात. ही गाडी होती."

आतोबांना मी त्या दिवशी पहिल्यांदा निरुत्तर पाहिलं. इतकी वर्षं मी त्याची वाट पाहत होतो, आणि प्रत्यक्षात मला ते मुळीच बघवलं नाही. ज्या वस्तूला त्यांनी जिवापलीकडे जपलं होतं, ती जपण्यानंच गेली होती. परत जाताना रिक्षा केली. आत्यानं पाय हातानं उचलला, रिक्षावाल्यानं वळून पाहिलं, आणि आतोबा त्याला म्हणाले, "पुढे बघा." तेवढंच.

पुढचे काही आठवडे त्यांना भीती होती तसेच गेले. आत्या घरात बसली. मंगळवारी आतोबा स्वतः बसनं मंडईत गेले आणि पडवळ समजून भलतंच काहीतरी घेऊन आले. आत्यानं ते मुकाट्यानं चिरलं. ती नावं ठेवेना, म्हणून आतोबा जास्तच घाबरले. त्यांनी जुना बाजार पालथा घातला, भंगारवाल्यांकडे खेटे घातले, मुंबईला कुणाकडे तसला गिअरबॉक्स आहे असं कळल्यावर मला रजा काढायला लावली. मी चिडलो. म्हटलं, "आतोबा, नवी घ्या ना. आता सगळ्याच गाड्या क्लचशिवाय मिळतात."

"तुला काय कळतंय," ते हळू आवाजात म्हणाले. "तुझी आत्या त्या एकाच गाडीला ओळखते. दुसरीला हात लावणार नाही. मग संपलंच."

आतल्या खोलीतून आत्या बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" ती म्हणाली. "तीन वर्षं मी त्या गाडीत पाढे म्हणत होते, ते तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. मला वाटायचं, गाडीत तुमचा जीव आहे."

आतोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

त्या रविवारी शोरूममधल्या गाडीची आत्यानं चाचणी घेतली. आम्ही दोघं मागच्या सीटवर, आतोबांनी समोरच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरलेली. आत्या गेली थेट नारायण पेठेत. त्या चुलतबहिणीच्या बोळाच्या टोकापर्यंत गाडी घातली, वर बघून हॉर्न वाजवला आणि रिव्हर्स टाकून सगळा बोळ मागे येत बाहेर पडली. कुठे घासली नाही, कुठे थांबली नाही. आतोबा एकदाच बोलले. "बरीये," म्हणाले. त्यांच्याकडून इतकी स्तुती मी आयुष्यात ऐकली नव्हती.

नवी गाडी आता त्यांच्याकडे आहे. मला फोन येत नाही. रविवारी दुपारी मी आडवा होतो आणि झोप लागत नाही. परवा शनिवारी सकाळी असाच, न बोलावता, त्यांच्याकडे गेलो. दार आतोबांनी उघडलं. आत्या मंडईत गेली होती, तिथून मैत्रिणीकडे जाणार होती, तिथून कुठे ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी स्वतः चहा केला. साखर विसरले. गॅलरीतल्या दोन खुर्च्यांवर आम्ही बसलो. खाली गाडीची जागा रिकामी होती.

"चालते ना चांगली?" मी विचारलं.

"उत्तम चालते. पूर्वी ती गेली की दोनदा तरी फोन यायचा. इथे अडकली, तिथे अडकली." त्यांनी फोन हातात घेऊन पाहिला आणि ठेवून दिला. "आता येत नाही. चांगलंच आहे. यासाठीच तर सगळं."

मी निघायला उठलो.

"बस रे जरा," आतोबा म्हणाले. "येईलच आता. आली की गाडी आत घ्यायला..." आणि थांबले.

मी बसलो. पुन्हा चहा टाकतो म्हणाले, मी नको म्हटलं नाही.